चांदीचे पाणी आणि तळाचे ठसे



भांड्यावर नाव घालण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. लग्नातला तांब्या असो की बारशाची वाटी असो. कासाराच्या दुकानी बसलेला माणूस ठोकठोक करून देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून देतो. आपल्या आयाआज्यांची मांडणी म्हणजे त्या घराची अर्धी वंशावळच असते. कोणता मामा कोणत्या लग्नाला आला होता, हे कुलवृत्तांतात नसले तरी परातीच्या काठावर सापडते. मात्र ही नावे देणाऱ्याघेणाऱ्यांची. ज्याने ते भांडे ठोकून आकाराला आणले त्या तांबटाचे नाव आपल्या भांड्यावर क्वचितच दिसते.

इंग्रजांच्या भांड्यांचे नेमके उलट आहे. तेथे देणाऱ्याचे नाव असले तर असते. पण भांडे पालथे घातले की तळाशी घडविणाऱ्याची खूण बहुधा मिळते. आज त्या तळाच्या खुणांविषयीच मला बोलावयाचे आहे. विषय परक्या मुलखातला वाटेल. पण नगरकरांना तो परका असण्याचे कारण नाही. १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीने आपला किल्ला घेतला, १८१७ नंतर तो इंग्रजांकडे कायमचा राहिला, आणि शेजारी भिंगारच्या अंगाला छावणी उभी राहिली. छावणी आली की बंगले आले, मेस आली, आणि मेसच्या टेबलावर चहादाण्या, तबके, मेणबत्तीची घरे आणि पावाचे भाजलेले काप उभे करून ठेवण्याचे ते मजेदार पिंजरे आले. मुंबईत काळ्या घोड्यापाशी आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचे दुकान १८९१ साली निघाले, तेव्हापासून तर असा माल मागविणे अधिकच सोपे झाले. १९४७ साली साहेब गेले. सामान मात्र सगळेच त्यांच्याबरोबर गेले नाही. काही बटलर-खानसाम्यांच्या घरी राहिले, काही लिलावात गेले, आणि काही मोडीच्या दुकानांतून आजही वजनावर विकले जाते.

अशीच एक चहादाणी काही वर्षांपूर्वी माझ्यापुढे आली. भिंगारचा एक तरुण ती टॉवेलात गुंडाळून घेऊन आला होता. त्याचे आजोबा छावणीतल्या मेसमध्ये कामाला होते. विलायतेस परत जाणाऱ्या कोणा साहेबाने जाताना ती त्यांना दिली, आणि आजोबा मरेपर्यंत सांगत राहिले की, हे मेसचे सिल्व्हर आहे, जपून ठेवा. घरात अडचण आली, तेव्हा पोराने ती एका सराफाकडे नेली. सराफाने तळाला कानस लावली, घासलेल्या जागेकडे पाहिले आणि “जर्मन आहे, मोडीत घाला” असे म्हणून भांडे परत केले. त्या मुलाला पैसे न मिळाल्याचे दुःख होतेच; पण त्याहून मोठे दुःख निराळे होते. म्हणाला, “सर, आजोबा आम्हांला इतकी वर्षे खोटे सांगत होते का?”

या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी प्रथम खऱ्या चांदीची खूण कोणती ते पाहिले पाहिजे. इंग्लंडात हजारी ९२५ कसाच्या चांदीला स्टर्लिंग म्हणतात. अशी वस्तू सरकारमान्य टंचघरात तपासली जाते आणि मगच तिच्यावर ठसे उमटतात. चालणारा सिंह कसाची ग्वाही देतो. त्याच्या जोडीला टंचघराच्या गावाची खूण असते : लंडनचे चित्त्याचे मुख, बर्मिंगहॅमचा नांगर (शेताचा नव्हे, जहाजाचा), आणि शेफिल्डचा १९७४ पर्यंत मुकुट. त्यांच्याजवळ वर्षाचे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे. १७८४ ते १८९० या काळातल्या बहुतेक वस्तूंवर राजाचे वा राणीचे मस्तकही दिसते. ती कर भरल्याची पावती. ठशावरून माल ओळखणे आपल्यालाही नवे नाही. औरंगजेबाच्या नावाचे अहमदनगर टांकसाळीचे रुपये आपण पाहिले असतील. जुन्या रुपयांवर पुष्कळदा राजाच्या ठशाशिवाय बारीक टोचे आढळतात, ते सराफांचे. नाणे राजाचे असले तरी ते पारखून घेण्याचा हक्क सराफाने सोडला नव्हता!

आता मुलाम्याकडे वळू. आपण सहज “चांदीचे पाणी दिले आहे” म्हणतो; परंतु ही पाणी देण्याची रीत एक नाही. शेफिल्डच्या टॉमस बोल्सोव्हर नावाच्या चाकूकाराला १७४२-४३ च्या सुमारास असे दिसून आले की, तांबे आणि चांदी एकत्र तापली तर त्यांचा सांधा असा जुळतो की पुढे दोन्ही एकाच पत्र्यासारखी लाटता येतात. तांब्याच्या विटेवर चांदीचा पत्रा बांधावयाचा, भट्टीत घालावयाचा, आणि मग लाटून त्याची भांडी करावयाची. म्हणजे येथे चांदी आधी आणि भांडे नंतर. आपली कल्हई आठवा : तेथे भांडे आधी तयार असते, नवसागर टाकून कथील मागून फिरते. बोल्सोव्हरने स्वतः बटणे नि डब्या केल्या. पुढच्यांनी चहादाण्या आणि मेणबत्तीची घरे केली. त्यालाच जुनी शेफिल्ड प्लेट म्हणतात.

ही ओळखण्याची खूण ठशापेक्षा अंगावरच अधिक मिळते. पत्रा कापला की कडेला तांब्याची लाल रेघ दिसणारच. ती झाकण्यासाठी कारागीर कडेवर चांदीची तार बसवी, किंवा वरची चांदी आत दुमडून घेई. नखाने चाचपले तर ती दुमड लागते. अंगाला कोठे तरी उभा सांधा असतो. आणि सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे, नाव कोरावयाचे तर कोरणी तांब्यापर्यंत जाण्याची भीती. म्हणून तेवढ्याच जागी शुद्ध चांदीचा एक तुकडा बसवून देत. भांड्यावर तोंडाची वाफ सोडली की त्या तुकड्याची कड काही क्षण उमटते आणि नाहीशी होते. ज्याने हे एकदा पाहिले तो पुन्हा प्रत्येक भांड्यावर वाफ सोडीत बसतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

या मालावर ठसा मारावा की नाही, याचा तंटा तेथे बराच झाला. चांदीच्या ठशांसारखे ठसे मुलाम्यावर मारून गिऱ्हाइकाला चकवू लागले, तेव्हा १७७३ च्या कायद्याने मुलाम्यावर ठसे मारण्यासच बंदी झाली. पुढे १७८४ साली शेफिल्डच्या शंभर मैलांच्या परिसरातल्या कारखानदारांना, चांदीच्या ठशाशी साम्य नसलेले चिन्ह नावासह नोंदवून ते वापरण्याची मुभा मिळाली. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनचे दोन सूर्य याच परंपरेतले. यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या भांड्यावर “शेफिल्ड प्लेट” अशी अक्षरेच छापलेली असतील ते भांडे जुन्या शेफिल्ड प्लेटचे नव्हे. ते मागाहूनचे, नावाचा फायदा घेणारे आहे.

मागाहूनचे म्हणजे विजेचे. बर्मिंगहॅमच्या जॉन राइट नावाच्या शल्यवैद्याला पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणातून विजेने चांदी चढविण्याची युक्ती सापडली. एल्किंग्टन चुलतभावांनी ती आपल्याकडे घेऊन १८४० साली पेटंट मिळविले, आणि पाहता पाहता भट्टीचा धंदा बसला. आता भांडे आधी घडवावे, मग द्रावणात बुडवावे. चांदी सांध्यावर, कोपऱ्यात, नक्षीच्या खळग्यात सारखी बसते. खाली तांबेच पाहिजे असेही उरले नाही. तांबे, निकेल आणि जस्त मिळून होणारी पांढरी धातू त्या कामी आली. तिचे नाव निकेल सिल्व्हर, किंवा जर्मन सिल्व्हर. तिच्यात चांदी गुंजभरही नसते!

येथे थोडे विषयांतर करतो. “जर्मन” या शब्दाने आपल्या नगरात मोठा गोंधळ घातला आहे. आपल्या बायका ॲल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मनचे पातेले म्हणतात. सराफ निकेल सिल्व्हरला जर्मन म्हणतो. आणि पहिल्या महायुद्धात खरोखरीचे जर्मन नजरकैदी इंग्रजांनी नगरातच आणून ठेवले होते, तेव्हा वस्तू जर्मन कैद्याची, असेही एखादा सांगतो. त्या तरुणाच्या घरी तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळले होते. सराफाने “जर्मन” म्हणताच त्याच्या आईची समजूत झाली की आपण इतकी वर्षे ॲल्युमिनियमची किटली जपली.

चहादाणी पालथी केली. तळाला ओळीने चार लहान ढाली, आणि प्रत्येकीत एकेक अक्षर : ई, पी, एन, एस. विजेने चांदी चढविलेले निकेल सिल्व्हर, एवढाच त्याचा अर्थ. चौथ्या अक्षराचा अर्धा भाग कानशीने खाल्लेला होता. शेवटची दोन अक्षरे बी आणि एम अशी असती, तर खालची धातू ब्रिटानिया, म्हणजे कथलाच्या जातीची, मऊ, असे समजावयाचे. ही अक्षरे अशी ढालीढालींत का बसवीत, हे सांगावयास नको. दुरून पाहणाऱ्याला चांदीचे चार ठसेच वाटावेत! खोटे काही लिहिलेले नाही, पण पाहणाऱ्याची चूक व्हावी अशी सोय केलेली आहे. एल्किंग्टनच्या ढालीवर मुकुट असे. शेफिल्डच्या टंचघराचाही मुकुटच, म्हणून १८९६ च्या सुमारास मुलामेवाल्यांचा मुकुट काढून घेण्यात आला. त्यामुळे मुकुट असलेला मुलामा बहुधा त्याच्या आधीचा धरावा.

अक्षरांच्या शेजारी एक तुतारी होती आणि तिला निशाण लटकत होते. ही शेफिल्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्स यांची खूण. नुसते फडकते निशाण आणि त्यात आद्याक्षरे असली तर वॉकर अँड हॉल. एकमेकांवर तिरपे बाण असले तर विल्यम हटन. मॅपिन अँड वेब आपले नाव सरळ लिहीत आणि मालाला “प्रिन्सेस प्लेट” म्हणत. आपल्याकडेही असे कारागीर झाले : भुजच्या ओमरसी मावजींच्या खऱ्या चांदीवर त्यांची आद्याक्षरे आणि गावाचे नाव इंग्रजीत ठोकलेले असते.

तुतारीखाली आकडा होता १८५७. येथे तो तरुण उजळला. “सर, म्हणजे ही सत्तावन सालच्या बंडाच्या वेळची ना?” त्याला नाही म्हणणे जिवावर आले, पण नाही म्हणावे लागले. तळाचा चार आकडी क्रमांक बहुतेक वेळा कारखान्याच्या नमुन्याचा असतो, सनाचा नव्हे. सन काढावयाचा तर इतर मार्ग आहेत. एल्किंग्टनसारखे काही कारखानदार आपल्या पद्धतीने वर्षाची अक्षरे घालीत. १८४२ ते १८८३ पर्यंत नोंदलेल्या आकृतीवर चौकटच्या पत्त्यासारखी खूण असते, आणि १८८४ पासून नोंदणीचा क्रमांक. “इंग्लंड” असा शब्द असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा. कारण अमेरिकेने त्या वेळी आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. या चहादाणीवर त्यांपैकी काहीच नव्हते.

तेव्हा तळ सोडून पोटाकडे वळलो. दर दिवाळीला चिंच आणि राख लावून ती घासली जात असे; आईने सासूकडून आणि सासूने बटलरकडून घेतलेली ती शिस्त. तोटीच्या टोकाशी आणि मुठीजवळ चांदी उडून आतला पिवळसर पांढरा रंग वर आला होता. जुनी शेफिल्ड प्लेट असती तर तेथे तांब्याची लाली दिसली असती. पोटावर कोरीव अक्षरांची केवळ छाया उरली होती. खिडकीशी नेऊन तिरप्या उन्हात धरली, वर पातळ कागद ठेवून पेन्सिलीचे शिसे आडवे फिरविले. तेव्हा ११ हे दोन आकडे आणि “मराठाज्” एवढे उमटले. तिसरा आकडा गेला तो गेलाच.

पण एवढ्यावर काम भागले. किचनेरच्या पुनर्रचनेत १९०३ साली मुंबईच्या पलटणींना शंभराच्या पुढचे क्रमांक मिळाले. ११ ने सुरू होणाऱ्या मराठा पलटणी चार : ११०, ११४, ११६ आणि ११७. पैकी ११० वी लाइट इन्फंट्री म्हणवीत असे. नुसते “मराठाज्” नाव उरलेल्या तिघींचे. १९२२ साली हे क्रमांक जाऊन सर्वांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. तेव्हा ही अक्षरे कोरली गेली ती १९०३ ते १९२२ च्या दरम्यान. त्या तीन पलटणींपैकी एकीच्या मेसमध्ये या तोटीतून चहा ओतला गेला, आणि आपल्या मावळच्या नि कोकणच्या पोरांवर हुकूम करणारे अधिकारी तो प्याले. भावाने पाहिले तर मोडीत या वस्तूचे थोडे रुपये येतील. मात्र ती मोडीत गेली असती तर भट्टीत प्रथम हीच अक्षरे गेली असती. भिंगारच्या आणि नगरच्या किती घरांतून अशी अक्षरे आजवर गेली असतील, याचा हिशेब कोणापाशी नाही.

तरुणाचा मूळ प्रश्न राहिलाच होता. मी त्याला विचारले, “आजोबा काय म्हणत, चांदी म्हणत की सिल्व्हर म्हणत?” तो थोडा थांबला. म्हणाला, “सिल्व्हर. मेसचे सिल्व्हर. चांदी हा शब्द आमच्या आईचा.” मेसच्या बोलीत टेबलावरच्या सगळ्या पांढऱ्या भांड्यांना सिल्व्हरच म्हणत असत, मग ती स्टर्लिंगची असोत की मुलाम्याची. ज्या माणसाने आयुष्यभर ती पुसली, मांडली आणि मोजून कपाटात ठेवली, तो मेसचाच शब्द वापरीत होता. हे ऐकल्यावर त्याने चहादाणी पुन्हा टॉवेलात गुंडाळली, आणि जाता जाता विचारले की, दिवाळीला आता चिंच लावू की नको. मी म्हटले, मऊ फडक्याने कोरडी पुसा. राख लावू नका, आणि पोटावरच्या अक्षरांना तर हातच लावू नका.