उतारा : भुताचा आणि दारूचा

अमेरिकेत सव्हाना, न्यू ऑर्लिन्स अशा शहरांत पैसे मोजून भुताळ पबांची फेरी करता येते. चार मित्र या पबातून त्या पबात जातात आणि पेल्याबरोबर तिथल्या भुताची गोष्ट ऐकतात. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनारकडे पब कुठला? तिथे दारूच्या दुकानाला कलारी म्हणतात. भूत म्हणाल तर अशीरगडचा अश्वत्थामा जवळच; पण तो पडला चिरंजीव, आणि दंतकथेत मागतो तेही तेल, जखमेवर घालायला.

तरी दारू आणि भूत यांची सोयरीक मराठीत जुनी आहे. दारू चढते, उतरते. भूत झपाटतं आणि मांत्रिक ते उतरवतो. दोन्हीवर इलाज एकच : उतारा. बाधा झालेल्यावरून दहीभात, लिंबू, अंडं ओवाळून तिठ्यावर ठेवतात तो उतारा. रात्रीची जड झाली म्हणून सकाळी घोटभर घेतात, तोही उताराच. खोडील भुताच्या उताऱ्यात तर दारूच ठेवावी लागते, म्हणजे पिणाऱ्याचं आणि पछाडणाऱ्याचं औषध एकच.

गंमत उपसर्गाची. ‘उत्’ म्हणजे वर. मग उतरणं खाली कसं? संस्कृतात उत् + तॄ म्हणजे पाण्यातून वर, काठावर येणं. नाव काठाला लागली की माणूस पायउतार होतो. तिथून अर्थ घसरत खाली आला. महाराष्ट्रात उताऱ्याला सातबाराही चिकटलाय. सीमेपलीकडे खकनारला तलाठ्याच्या जागी पटवारी आणि सातबाराच्या जागी खसरा, म्हणून तिथला उतारा एका अर्थाने हलका.

कलारी हा शब्द ‘कल्यपाल’ म्हणजे मद्य गाळणारा, त्यापासून झालेल्या कलाल-कलार यांच्या घरातला. आपला ‘गुत्ता’ दक्षिणेकडून आला. कानडी-तेलुगूत त्याचा अर्थ मक्ता. दारूविक्रीचा मक्ता लिलावात जाई, म्हणून मक्त्याचं नाव दुकानाला पडलं. मराठवाड्यात रस्ते बांधणारा आजही गुत्तेदार. त्याचा दारूशी संबंध असेलच असं नाही. खुद्द ‘दारू’ फारसीतली, मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’त ती अजून शुद्धीवर आहे.

खकनारच्या कोरकू वस्त्यांत मोहाच्या दारूला सिडू म्हणतात. मोह म्हणजे भुरळ, म्हणून झाडाला मोह, ही व्युत्पत्ती लोकांना फार आवडते. पण ती खोटी. संस्कृत मधूक, प्राकृत महूअ, मग मराठी मोह आणि हिंदी महुआ. मार्च-एप्रिलात पहाटे गळलेली फुलं वेचून वाळवतात, मग भिजवून आंबवतात. मडकं चुलीवर चढतं, वर गार पाण्याचं भांडं बसतं, वाफ त्याला लागून थेंब होते आणि नळीतून ठिबकते. पहिल्या धारेची सर्वांत कडक.

हा थेंब पाहूनच अरबांनी त्याला ‘अरक’, म्हणजे घाम, म्हटलं. तोच मराठीत अर्क झाला आणि पुढे इरसाल माणसालाही लागला. (सूर्य किंवा रुई या अर्थाचा संस्कृत अर्क वेगळा.) युरोपीयांनी मात्र थेंब सोडून वाफेकडे पाहिलं. ‘स्पिरिट’ म्हणजे मुळात श्वास, मग आत्मा, मग भूत आणि मग गाळलेली दारू. सव्हानाच्या फेरीतला सगळा विनोद या एका शब्दावर उभा आहे. मराठीत दारूला आत्मा मिळाला नाही. आपण तिला क्रियापदं दिली.

कोरकूंना या कोटीचीही गरज पडली नाही. मेलेल्याच्या नावाने ते ‘मुंडा’ नावाचा कोरीव लाकडी खांब उभा करतात. त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार. पितरांना सिडू देतात ती घरच्या माणसाला द्यावी तशी. पळवून लावायला नव्हे. हा उतारा नाहीच, याला पाहुणचार म्हणायला हवं.

खकनार, देडतलाई, धारणी या पट्ट्यातल्या वाचकांना विनंती : तुमच्याकडे सकाळच्या घोटाला उतारा म्हणतात की दुसरं काही, आणि कोरकूत त्याला काय शब्द आहे, ते कळवा.