राईतला पुजारी

भाऊबीजेला ताई चांदे गावी माहेरी आली, ती भाच्याची तक्रार घेऊनच. ओवाळणीचे ताट खाली ठेवते न ठेवते तोच म्हणाली, "तू मास्तर आहेस ना? मग याला चार शब्द सांग. मित्रांच्या घोळक्यात बसून फासे टाकतो आणि विहिरीत विष कालवतो!"

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. विष खोटे होते, विहीरही खोटी. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक सोंग घेऊन आपल्या मनाने बोलायचे आणि यशापयश फाशांवर सोपवायचे, असा तो प्रकार. आमच्या चिरंजीवांनी त्यात 'द्रुइड'चे, म्हणजे राईतल्या पुजाऱ्याचे सोंग घेतले होते. झाडे तोडणाऱ्या गावाला धडा शिकवावा म्हणून या पुजाऱ्याने गावची विहीर नासवली होती.

ताईच्या मते हे परदेशी खूळ. मला मात्र सांगली आठवली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तेथे 'सीतास्वयंवर' केले. त्या नाटकांत सूत्रधार पद्ये म्हणे आणि पात्रे आपली भाषणे जागच्या जागी रचीत. राक्षसांची तर मोठीच चलती! 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकीत ते येत. पुढे लोकांनी त्या नाटकांना तेच नाव चिकटवले. राक्षस होणाऱ्याला कोणी भाषण लिहून देत नसे. दुष्टपणा त्याला स्वतःच्याच डोक्यातून काढावा लागे. भाचा तरी याहून वेगळे काय करीत होता?

आणि दुष्ट पुजारी तर त्याहूनही जुना. आठव्या शतकात विदर्भातल्या भवभूतीने 'मालतीमाधव' लिहिले. त्यातला अघोरघंट हा कापालिक मालतीला चामुंडेपुढे बळी द्यायला निघतो. माधव ऐन वेळी येऊन तिला सोडवतो. खऱ्या द्रुइडांविषयीही असेच भयंकर लिहून ठेवलेले आहे. विणलेल्या काटक्यांच्या प्रचंड पुतळ्यांत जिवंत माणसे कोंडून गॉल देशात जाळीत, असे सीझर सांगतो. पण हा सीझर कोण? तो देश जिंकायला गेलेला सेनापती! द्रुइड आपली विद्या लिहून ठेवणे निषिद्ध मानीत, असेही तोच सांगतो. कापालिकांचीही ओळख आपल्याला बव्हंशी परक्यांच्या लिखाणातूनच होते. एकूण काय, आरोपपत्र शिल्लक आहे, आरोपीची जबानी नाही. ती जबानी नटाने द्यायची असते.

ती कशी देतात, हे पुण्यात एकदा दिसले. १९३४ साली प्रभात कंपनीने 'अमृतमंथन' हा चित्रपट काढला. कोल्हापूर सोडून पुण्यात आल्यावरचा तिचा हा पहिला बोलपट; मूळ कथा ना. ह. आपट्यांची, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. राजा देवीपुढचे बळी बंद करतो आणि राजगुरू त्या राजाचीच हत्या घडवून आणतो. मराठीत हा राजगुरू केशवराव दाते यांनी केला, हिंदीत चंद्रमोहन यांनी. पूर्वी 'भाऊबंदकी'त आनंदीबाई गाजवलेले हेच ते दाते. राजगुरूला ना पैसा हवा, ना बाई. धर्म बुडतो आहे अशी त्याची खात्री झालेली आहे. भीती वाटते ती त्याच्या या प्रामाणिकपणाची. अखेर तो स्वतःचाच बळी देवीला देतो. दाते काही बळी देणारे नव्हते. पण त्या माणसाची बाजू त्यांनी अंगात भिनवून घेतली, म्हणून प्रेक्षकाला ती ओळखता आली.

एवढे पुराण ऐकवूनही ताईचे समाधान झाले नाही. तेव्हा मी भाच्याला म्हटले, "चल, मलाही खेळात घे. मी त्या गावातला शेतकरी."

फासे पडले. मी पुजाऱ्यापुढे उभा राहिलो आणि विचारले, "महाराज, झाडे पाटलाने तोडली. माझ्या पोरीने फक्त पाणी प्यायले. तिचा गुन्हा काय?"

पुजारी तावातावाने बोलू लागला. राई शेकडो वर्षांची आहे, कुऱ्हाडीला दुसरी भाषा कळत नाही, वगैरे. बोलता बोलता अडखळला. फासे हातातच राहिले. ताई दारात उभी होती, तीही काही बोलली नाही.

थोड्या वेळाने तो आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मामा, पण मग राई राखायची कशी?"

प्रश्न खेळातला नव्हता. सह्याद्रीच्या या पट्ट्यात देवराया टिकल्या त्या बऱ्याचशा भीतीवर. देवाच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी नेऊ नये, नेली तर देव कोपतो, हा धाक पिढ्यान्‌पिढ्या पुरला. त्या धाकापायी कितीकांच्या मानेवर सुरीही फिरली असेल, कोंबड्याच्या तरी नक्कीच! आता धाक ओसरला आहे आणि डोंगरउतारांवर प्लॉटचे फलक उभे राहिले आहेत. विष नको, धाकही नको, तर मग काय हवे?

मला उत्तर सुचले नाही. तसे मी त्याला सांगितले आणि म्हटले, "तुझ्या पुजाऱ्यालाच विचार. पुढच्या डावात विहीर सोडून दुसरा उपाय शोधायला लाव त्याला."

ताई आत गेली आणि दोघांसाठी चकल्यांची ताटली घेऊन आली. ती ठेवताना हळूच म्हणाली, "त्या पोरीचं पुढे काय झालं रे? वाचली का ती?"