माथ्यावरून दिसणारा मुलूख : बेळगाव-निपाणीच्या टेकड्यांविषयी

सह्याद्रीतील गडांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे, आणि त्यात रायगड, राजगड, प्रतापगड यांना मानाचे पान मिळाले हे योग्यच होय. परंतु घाटमाथा सोडून पूर्वेस उतरले म्हणजे हिरण्यकेशी, घटप्रभा व मार्कंडेय या नद्यांच्या खोऱ्यांत जो सौम्य चढउतारांचा मुलूख लागतो, त्यातील गडांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. राजहंसगड, महिपालगड, वल्लभगड, सामानगड ही नावे बखरींच्या टिपांत येतात आणि तेथेच राहतात. येथे छाती दडपून टाकणारे कडे नाहीत; यांपैकी बहुतेक माथ्यांवर शाळेतली मुलेही धापा न टाकता पोहोचतात. या सुलभतेमुळेच हे गड गौण ठरले असावेत. आमचे मत याहून निराळे आहे. सपाटीला जवळ असलेल्या मुलुखात लहानशी टेकडीही फार मोठ्या प्रदेशावर नजर ठेवू शकते, आणि या गडांचा इतिहास म्हणजे मुख्यतः नजरेचा इतिहास आहे. तो कागदावरून जितका कळतो त्याहून पायांनी अधिक कळतो.

प्रथम भूमीविषयी थोडेसे. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर येथे संपत आलेले असून अनेक टेकड्यांना वरून जांभ्याची टोपी आहे. त्यामुळे माथे सपाट आणि उतार लांबट झाले आहेत. पायथ्याशी येळ्ळूर-शहापूरकडे भाताची खाचरे, तर निपाणीकडे तंबाखू आणि ऊस. येथे पडणारा पाऊस बहुतेक कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राकडे जातो. थोडे नैर्ऋत्येस, खानापूरच्या रानात, म्हादईचे पाणी मात्र गोव्याकडे उतरते. हे पाणलोट नकाशात निळ्या रेषांनी दाखविलेले असतात. सायकलवाल्यास ते पोटऱ्यांत कळतात. संकेश्वराहून निपाणीकडे निघालेल्या मनुष्याला हिरण्यकेशीचे खोरे मागे पडत असल्याची जाणीव प्रथम पायडलावर होते. तवंदी घाटाचा माथा आला की पायांवरचा भार उतरतो आणि वेदगंगेचे खोरे पुढे उघडते. मोटारीतून जाणाऱ्यास हा घाट आला केव्हा आणि गेला केव्हा, हे समजतही नाही.

आता बेळगावचा किल्ला पाहा. तो भुईकोट आहे. भोवती खंदक, आत १२०४ च्या शिलालेखाशी निगडित असलेली कमल बसदी. १४७२ च्या सुमारास महमूद गवानाने तो बहमनी राज्यासाठी घेतला. १८१८ च्या मार्च-एप्रिलमध्ये टॉमस मन्रोने सुमारे तीन आठवडे वेढा देऊन तो पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला. हे दोन वेढे पाठ्यपुस्तकांत आहेत. परंतु भुईकोटाच्या तटावर उभे राहिल्यास फार दूरचे दिसत नाही, ही साधी गोष्ट पुस्तके सांगत नाहीत. त्यासाठी शहरापासून १५ कि. मी.च्या आसपास असलेल्या राजहंसगडावर जावे. येळ्ळूरच्या शेतांतून चढत गेल्यावर सिद्धेश्वराचे देऊळ व तटाचे बुरूज लागतात. तेथून उत्तरेस सारे बेळगाव, दक्षिणेस खानापूरचा मुलूख आणि पश्चिमेस सह्याद्रीची निळसर रांग एका दृष्टीत येते. कोकण-गोव्याकडून घाट चढून येणारी फौज वा तांडा बेळगावास कळण्याआधी येथे कळला असला पाहिजे. भुईकोटाचे डोळे त्याच्या स्वतःच्या तटावर नव्हते, ते या टेकड्यांवर होते, असा आमचा तर्क आहे. माथ्यावर अर्धा तास बसणाऱ्यास तो पटावा.

संकेश्वराजवळचा वल्लभगड याच जातीचा. त्याच्या माथ्यावर हरगापूर हे गाव नांदते आहे आणि खालून पुणे-बंगळूर महामार्ग धावतो. जी वाट पाहण्यासाठी गड उभा राहिला, त्या वाटेची वर्दळ आजही तेथून मोजता येते.

सामानगडाची गोष्ट अधिक विस्ताराने सांगण्यासारखी आहे. गडहिंग्लज तालुक्यातील हा गड खडकात खोदलेल्या, कमानी असलेल्या विहिरींसाठी प्रसिद्ध आहे. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडितांकडे कारभार सोपविल्यावर नव्या व्यवस्थेत गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली आल्या. गडाच्या चाकरीबद्दल पिढ्यानपिढ्या चालत आलेला हा हक्क होता. १८४४ साली सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले. भुदरगडही उठला. बेळगावच्या छावणीतून फौज आली, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सामानगड हल्ला करून घेण्यात आला. पुढे संस्थानातील गडांचे तट पाडण्याचे हुकूम निघाले. हा उठाव १८५७ च्या तेरा वर्षे आधीचा. तरी शाळेत त्याचा उल्लेख ओझरताच होतो. त्याचे कारण समजून घ्यावयाचे तर तटाच्या कडेला जावे. खाली पसरलेली शेते आणि वरचा गड यांत अंतर असे नाहीच. ज्या जमिनीवर घर चालते, ती पहाऱ्यावरूनच दिसते. ती दुसऱ्याच्या देखरेखीखाली जाताना पाहणाऱ्या माणसांची मनःस्थिती कोणत्याही खलित्यापेक्षा त्या जागी स्पष्ट होते. तेथून नेसरीही दूर नाही. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर तेथे पडले. खिंड म्हटली की आपल्या मनात पावनखिंड उभी राहते. नेसरीकडे पायी जाणाऱ्यास भोवतीचा मुलूख किती उघडा आहे हे दिसते, आणि बहलोलखानाच्या फौजेवर थोड्या स्वारांनिशी चालून जाणे म्हणजे काय, याचा अर्थ बदलतो.

टेकडीवर चालत जाणे या भागाला नवे नाही. महाशिवरात्रीस देवरवाडीच्या वैजनाथास, चैत्रात जोतिबाच्या डोंगरास माणसे जात आली. बेळगावातून जोतिबाकडे बैलगाड्या जुंपून जाण्याची रीत अद्याप टिकून आहे. त्या यात्रेत देव आधी आणि देखावा मागाहून, एवढाच भेद. सायकल मात्र विसाव्या शतकातली. विलायती सायकल प्रथम छावणीतल्या साहेबाची व सुखवस्तू वकिलाची. १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स आणि १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास हे कारखाने निघाल्यावर ती हळूहळू शिक्षक, पोस्टमन आणि कारकून यांच्या हाती आली. ज्याला विकत घेणे परवडेना, तो तासाच्या भाड्याने घेई. मुंबईच्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी १९२३ ते १९२८ या काळात सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, हे आम्हांस ठाऊक असते. आपल्याच गावाभोवतीच्या पंधरा-वीस मैलांची प्रदक्षिणा मात्र पुष्कळांची राहून जाते.

साहित्याच्या अभ्यासकांसही या टेकड्या परक्या नाहीत. इंदिरा संत यांचे मूळ गाव तवंदी, म्हणजे त्याच घाटावरचे. पुढचे दीर्घ आयुष्य त्यांनी बेळगावात काढले. चंदगड तालुक्यातले कोवाड हे रणजित देसाई यांचे गाव. ‘स्वामी’कार आणि ‘गर्भरेशीम’ची कवयित्री यांची ही दोन गावे आज दोन राज्यांत आहेत.

येथे एका अडचणीचा उल्लेख करणे भाग आहे. १८८४ च्या बेळगाव गॅझेटिअरात चंदगडचा भाग बेळगावातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यास गेला आणि चंदगड तेवढे वगळून कोल्हापुरास जोडले गेले. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा यांचा ऊहापोह येथे प्रस्तुत नाही. आम्हांला खटकते ते एवढेच, की तेव्हापासून या गडांचे वर्णनही जिल्ह्यांनुसार फाटले. राजहंसगड एका राज्याच्या ग्रंथात, महिपालगड दुसऱ्याच्या; एकमेकांकडे पाहत उभे असलेले हे गड एका प्रकरणात एकत्र येत नाहीत. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने हिंडलगा, तुरमुरी, बाची करीत सायकल शिनोळीस पोहोचते. वाटेत हिंडलग्यास १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारक लागते. शिनोळीत पाट्यांची भाषा बदलते. चढ, माती आणि बाजाराच्या दिवशी कानी पडणारी मराठी बदलत नाही. पुढे देवरवाडीवरून वैजनाथ आणि त्याच्या वर महिपालगड. या गडाच्या आतही गाव आहे.

अलीकडे राजहंसगडावर गाड्या वरपर्यंत जातात. मार्च २०२३ मध्ये तेथे शिवछत्रपतींच्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले, तेही दोन राजकीय पक्षांकडून दोन वेगवेगळ्या दिवशी, आणि गर्दी वाढली. पुतळा पाहून, छायाचित्र काढून, पंधरा मिनिटांत परतणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र रविवारी पहाटे सायकलींवरून येणारी तरुण मंडळीही आता दिसू लागली आहेत. त्यांतल्या एखाद्या शिक्षकाने मुलांना येळ्ळूरपासून पायी आणावे, माथ्यावर पूर्व-पश्चिम दाखवावी, आणि महिपालगड कोणता ते बोटाने दाखवून मग फळ्यावर नकाशा काढावा. स्वच्छ हवेत, पावसाळा सरल्यावरच्या कार्तिकात, हा पाठ सर्वांत चांगला होतो.