थंडीतली जास्वंद

आपल्याकडे जास्वंद म्हटली की पहिल्यांदा गणपतीच आठवतो. सकाळी परडी घेऊन निघावे, तर कुंपणाकुंपणावरून लाल फुले हात पुढे करून उभी! पण आपली ही जास्वंद थंडीला फार भित्री. जिथे पाणी गोठते तिथे ती उघड्यावर जगत नाही. कुंडीत लावून घरात घ्यावी लागते.

तिची एक बहीण मात्र भलतीच चिवट आहे. ती मूळची चीनकडची. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली तिला सीरिया देशावरून नाव दिले, ते चुकीचेच. हिवाळ्यात ती सगळी पाने गाळून नुसत्या काटक्यांनिशी उभी राहते आणि उणे वीस अंशांची थंडीही सोसते. पालवी इतकी उशिरा फुटते की झाड मेलेच असे वाटावे. पण घाईने उपटू नये! फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी सरतासरता छाटली तरी बहर बुडत नाही. फूल पांढरे नाही तर जांभळट, मध्ये तांबडा डाग. एक फूल एकच दिवसाचे, पण उन्हाळाभर रोज नवी उमलतात. म्हणून कोरियात तिला ‘मुगुंगह्वा’ म्हणतात, म्हणजे न संपणारे फूल.

१९१० साली जपानने कोरिया आपल्या राज्यात घातला. तेव्हा नामगुंग ओक नावाचे एक गुरुजी सेऊलच्या मुलींच्या शाळेत शिकवीत. त्यांनी मुलींकडून कापडावर देशाचा नकाशा भरून घेतला. कोरियाचे प्रांत तेरा. दर प्रांताला या जास्वंदीचे एक फूल. देशाचे नाव मोठ्याने घेण्याची चोरी होती, पण मुलींच्या भरतकामाला कोण हरकत घेणार? आपण रुमालावर फुले काढतो तेव्हा असे काही कधी मनात तरी येते का?

पुढे १९१८ मध्ये गुरुजी होंगचॉन या आपल्या डोंगरी मुलखात गेले. तिथे हिवाळा कडक. त्यांनी शाळा काढली, या जास्वंदीची हजारो रोपे केली आणि गावोगाव वाटली. या फुलाकडे पाहिले तर डोळे येतात, हात लावला तर फोड उठतात, अशा कंड्या त्या काळी पिकवल्या जात असे तिकडचे लोक सांगतात. १९३३ साली पोलिसांनी गुरुजींना पकडले आणि रोपे उपटून टाकली. सत्तरीच्या माणसाला फुलझाडांपायी तुरुंग! १९३९ साली ते वारले.

कोरिया मोकळा झाला तो १९४५ च्या १५ ऑगस्टला. आपलीही तारीख तीच, दोन वर्षांनंतरची. देशाचे पुढे दोन तुकडे झाले. दक्षिणेकडच्यांनी १९६३ साली आपल्या राजमुद्रेत हेच फूल घेतले. ऑगस्टात तिकडे ते भर बहरात असते.