सॉफ्टवेअर सिंथेसायझरचा संच विकत घ्यावा का?

घरच्या संगणकावर गाणी करणाऱ्याला कधी ना कधी ही जाहिरात दिसतेच: चाळीसच्या आसपास गाजलेली वाद्ये, हजारो तयार आवाज आणि सगळ्यांची मिळून एकच किंमत. आर्टुरिया या फ्रेंच कंपनीचा 'व्ही कलेक्शन', नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा 'कम्प्लीट' आणि कॉर्गचा 'कॉर्ग कलेक्शन' हे अशा संचांतले प्रमुख. मोठ्या संचाची मूळ किंमत सहाशे-सातशे डॉलरच्या घरात असते, म्हणजे रुपयांत पन्नास हजारांच्या वर. एवढ्या पैशात ऑडिओ इंटरफेस, मायक्रोफोन आणि मिडी कीबोर्ड असे तिन्ही येते. त्यामुळे किंमत वसूल होणार का, हे घेण्याआधीच पाहिलेले बरे.

संचात नेमके काय असते?

सॉफ्टवेअर सिंथ हा प्लगइन असतो. लॉजिक, एबलटन लाइव्ह, क्यूबेस, रीपर अशा रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आत तो उघडतो आणि मिडी कीबोर्डवरून वाजवता येतो. स्टाइनबर्ग कंपनीने 1996 मध्ये व्हीएसटी हे मानक आणल्यावर अशा प्लगइनची बाजारपेठ उभी राहिली. आर्टुरियाची स्थापना 1999 मध्ये ग्रेनोबल शहरात झाली आणि तिचा 'मॉड्युलर व्ही' 2003 मध्ये खुद्द रॉबर्ट मूग यांच्या सहकार्याने आला. जुन्या यंत्राच्या सर्किटचे वागणे गणिताने उभे करायचे, ही त्यामागची पद्धत. यामाहाच्या सीएस-80 चे वजन 100 किलोच्या आसपास आहे आणि चालू अवस्थेतला नग आज लाखो रुपयांना जातो. त्याची नक्कल लॅपटॉपवर मिळते, हे या संचांचे खरे आकर्षण.

पण वाद्यांची संख्या फसवी असते. ज्युपिटर-8, जुनो, प्रॉफेट-5, ओबरहाइम ही सगळी मुळात एकाच कुळातली: ऑसिलेटरचा भरीव स्वर घ्यायचा आणि फिल्टरने तो कापायचा. एकेकटी ऐकली तर फरक कळतो. गायकाचा आवाज, बेस आणि ताल यांच्या मागे पॅड म्हणून लावली की तो बहुतेकांना कळत नाही. खरोखर वेगळी वाद्ये मोजकीच. डीएक्स7 चा काचेसारखा एफएम आवाज, टेपवर चालणारा मेलोट्रॉन, फेअरलाइटचे खरखरीत नमुने, हॅमंड ऑर्गन, इलेक्ट्रिक पियानो. गाण्यांचे संयोजन करणाऱ्याच्या हाती यांतले ऑर्गन आणि इलेक्ट्रिक पियानोच सर्वांत जास्त येतात, असे माझे मत आहे. आणि जाहिरातीत ते सर्वांत शेवटी असतात!

किती वाद्ये पुरतात, याचे एक उदाहरण मुंबईतलेच आहे. हिंदी चित्रपटसृष्टीत वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम केला. यंत्रे तीन, तिन्ही रोलँडची: ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808. तेव्हा तो फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. 2010 मध्ये तो पुन्हा निघाला, तेव्हा शिकागोच्या ॲसिड हाउस संगीताशी असलेले त्याचे साम्य ऐकून जगभरचे श्रोते चकित झाले. मींडेसारखी सरक काढायला टीबी-303 चा स्लाइड पुरला. एक वाद्य आतून ओळखीचे असले की काय होते, ते ऐकायचे असेल तर हा अल्बम ऐकावा.

आधी फुकटचे बघा

तुमच्याकडे लॉजिक असेल तर 'अल्केमी' हा फार ताकदीचा सिंथ आधीच आहे. तो उघडूनही न पाहता संच घेणारे कमी नाहीत. 'सर्ज एक्सटी' हा मुक्तस्रोत सिंथ पूर्ण मोफत आहे, 'व्हायटल'ची मूळ आवृत्तीही मोफत आहे आणि 'डेक्स्ड' तर डीएक्स7 चीच मोफत नक्कल आहे. मूळ यंत्राच्या आवाजांच्या फाइल त्यात उघडतात. श्रुतींचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा: सर्ज एक्सटी आणि व्हायटल यांत स्वतःची स्वरपट्टी भरता येते. म्हणजे बारा समान सुरांत अडकून राहावे लागत नाही.

आणि एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ढोलकी, संबळ, बासरी किंवा सारंगी हवी म्हणून सिंथचा संच घेऊ नका. त्यात ती सहसा नसतात. त्यासाठी ध्वनिमुद्रित नमुन्यांच्या वेगळ्या लायब्ररी लागतात. स्वार सिस्टिम्सचे 'स्वारप्लग' हे त्यांतले जुने नाव.

किंमत कशी वाचायची?

संकेतस्थळावरची पूर्ण किंमत ही सहसा कुणी देत नाही. नोव्हेंबरच्या ब्लॅक फ्रायडेला आणि वर्षात आणखी काही वेळा मोठी सूट निघते, कधी निम्म्यापर्यंत. शिवाय अनेक मिडी कीबोर्डांबरोबर छोटी आवृत्ती येते; आर्टुरियाच्या कीबोर्डांबरोबर 'ॲनालॉग लॅब' येतो. त्यात मोठ्या संचातले निवडक आवाज असतात, फक्त नॉब थोडे. अशी छोटी आवृत्ती ज्याच्या खात्यात आहे त्याला मोठ्या संचासाठी वेगळी, कमी किंमत दाखवली जाते. म्हणून खात्यात लॉगिन करूनच भाव बघावा.

भारतातून घेताना परदेशी डिजिटल सेवेवर 18 टक्के जीएसटी असतो आणि कार्डावर बँकेचे परकी चलनाचे शुल्क वेगळे. दाखवलेली किंमत करासह आहे की कराविना, हे पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरच कळते. हिशोब तिथल्या आकड्यावर करा.

आता परवान्याकडे. तुम्ही वाद्य विकत घेत नाही, वापरण्याचा परवाना घेता. तो किती संगणकांवर चालतो, दुसऱ्याला विकता येतो का, हे कंपनीनुसार बदलते. संचाचा परवाना फोडून त्यातले एकच वाद्य विकता येईल, असे गृहीत धरू नका. भाड्याने घ्यायचा पर्यायही आहे. रोलँड आपले सिंथ 'रोलँड क्लाउड'वर मासिक किंवा वार्षिक वर्गणीने देते. पैसे थांबले की वर्गणीतली वाद्ये थांबतात आणि त्यांवर केलेली गाणी उघडतात ती मुकी. ग्राहकांना हे किती टोचते, ते 2023 च्या मार्चमध्ये दिसले: वेव्ज या कंपनीने कायमचे परवाने बंद करून फक्त वर्गणी ठेवली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच निर्णय मागे घेतला.

कायमचा परवानाही खऱ्या अर्थाने कायमचा नसतो. ॲपलने 2019 च्या कॅटालिनामध्ये 32-बिट सॉफ्टवेअर चालवणे बंद केले, तेव्हा अनेक जुने प्लगइन एका रात्रीत निरुपयोगी झाले. कम्प्लीटमध्ये वर्षानुवर्षे असलेला 'ॲबसिंथ' नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने 2022 मध्ये बंद केला होता. यावर साधा उपाय आहे: गाणे पूर्ण झाले की प्रत्येक सिंथचा ट्रॅक ऑडिओ फाइल म्हणून काढून ठेवायचा.

मग घ्यायचा का?

बहुतेक कंपन्या मोफत डेमो देतात. तो ठरावीक वेळाने बंद पडतो किंवा त्यात काम साठवता येत नाही, पण निवाड्याला तेवढा पुरतो. तुमचे अर्धवट गाणे उघडा आणि डेमोतले वाद्य त्यात वाजवा. तयार आवाजांवर रिव्हर्ब आणि डिले भरपूर लावलेले असतात. ते बंद करून ऐका. त्याच वेळी प्रोसेसरचा मीटर बघा. ॲनालॉगची बारीक नक्कल करणारे सिंथ जड असतात आणि जुन्या लॅपटॉपवर चार-पाच ट्रॅकनंतर आवाज तुटायला लागतो. सगळा संच उतरवायचा तर डिस्कवर कित्येक जीबी मोकळी जागाही लागते.

एक-दोनच वाद्ये मनात भरली तर तीच सुटी घ्या. आर्टुरियासह अनेक कंपन्या ती सुटी विकतात. तीन-चार वेगळ्या कुळांतली वाद्ये खरोखर लागणार असतील, तर सुट्या किमतींची बेरीज बहुधा सूटीतल्या संचाइतकी किंवा जास्त होते आणि मग संच फायद्याचा. जिंगल किंवा मालिकांचे पार्श्वसंगीत करणाऱ्यांना, जिथे उद्या सकाळी सत्तरच्या दशकातला आवाज हवा आणि परवा ऐंशीच्या, तिथे तो लवकर वसूल होतो. नुकतीच सुरुवात केली असेल तर थांबा. सर्ज किंवा अल्केमीवर एक पॅड, एक बेस आणि एक लीड शून्यापासून तयार करून बघा. ते जमेपर्यंत पुढची सूट आलेली असेल.