डिझेल पिकअप वाहनातील दोषनिदान

डिझेल पिकअप वाहनातील दोषनिदान म्हणजे जुने मालवाहू पिकअप सुरू होत नसल्यास, अडखळत चालत असल्यास किंवा वाटेत बंद पडत असल्यास त्यामागील कारण क्रमाक्रमाने शोधण्याची पद्धत होय. साध्या, कमी खर्चाच्या तपासण्या आधी करणे आणि दोष निश्चित होईपर्यंत कोणताही सुटा भाग न बदलणे, हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे. बॅटरीची सैल तार, तुंबलेला डिझेल फिल्टर आणि झिजलेले पिस्टन या तिन्ही दोषांत गाडी ‘सुरू होत नाही’ एवढेच प्रथम दिसते. मात्र त्यांच्या दुरुस्तीच्या खर्चात मोठे अंतर असते.

पार्श्वभूमी

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम व परांडा हे आठ तालुके आहेत. भूम परिसरातील खवा, द्राक्षे, भाजीपाला, सोयाबीन आणि उस्मानाबादी जातीच्या शेळ्या यांच्या वाहतुकीसाठी लहान मालवाहू वाहने उपयोगी पडतात. खवा आणि भाजीपाला नाशवंत असल्याने पहाटे गाडी सुरू न झाल्यास त्या दिवसाचा बाजार हुकतो. कच्च्या रस्त्यांवरील धूळ, कडक उन्हाळा आणि बालाघाट डोंगररांगेतील चढ यांमुळे फिल्टर, रेडिएटर व क्लच यांवर अधिक ताण येतो.

टाटा मोबाइल हे पिकअप १९८८ मध्ये, तर ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखले जाणारे टाटा एस २००५ मध्ये बाजारात आले. महिंद्राची पिकअप वाहनेही ग्रामीण भागात सर्वत्र दिसतात. या वाहनांच्या जुन्या डिझेल प्रकारांत इंधनपुरवठा यांत्रिक पंपाद्वारे होतो. पुढील विवेचन मुख्यतः अशा इंजिनांविषयी आहे.

कार्यतत्त्व

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा पिस्टनने दाबली जाऊन अतिशय तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. लहान वाहनांत हे दाबाचे प्रमाण साधारणतः १७:१ ते २२:१ असते. त्यामुळे इंजिन सुरू होण्यासाठी चार गोष्टी आवश्यक ठरतात: स्टार्टर मोटरने (बोलीभाषेत ‘सेल्फ’) इंजिन पुरेशा वेगाने फिरवणे, हवाविरहित स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा आणि सिलिंडरमधील दाब. निदानाचा क्रमही हाच असतो.

सेल्फ न फिरणे

किल्ली फिरवताना दिवे लावून ठेवल्यास दोषाची दिशा समजते. दिवे एकदम मंदावल्यास बॅटरी उतरलेली किंवा तिचे टर्मिनल सैल असण्याची शक्यता असते. दिवे प्रखर राहून केवळ ‘टक’ असा आवाज आल्यास सोलेनॉइड अथवा सेल्फमधील कार्बन ब्रश तपासावे लागतात. आवाजच न आल्यास किल्लीचा स्विच, फ्यूज व सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तार पाहावी.

पूर्ण भारित १२ व्होल्ट बॅटरी स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरत असताना हे मूल्य साधारणतः ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी कमकुवत समजली जाते. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी पूड खरवडून काढल्यानेही अनेकदा दोष दूर होतो.

जुन्या वाहनांत अर्थिंगची तार हा दुर्लक्षित भाग असतो. गंजलेल्या अर्थिंगमुळे नवी बॅटरी बसवूनही सेल्फ मंद फिरतो. सेल्फ फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक व इंजिनाचा धातू यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक आढळल्यास तार किंवा तिचा जोड सदोष असतो.

सेल्फ फिरूनही इंजिन सुरू न होणे

या स्थितीत सायलेन्सरमधून येणारा धूर ही पहिली खूण असते. सेल्फ फिरत असताना धूर मुळीच दिसत नसल्यास डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही असे मानतात. पांढरा धूर येत असल्यास डिझेल पोहोचते, परंतु पेट घेत नाही.

धूर नसल्यास प्रथम टाकीतील डिझेल आणि इंजिन बंद करणारी यंत्रणा पाहावी. काही वाहनांत ही यंत्रणा केबलची, तर काहींत पंपावरील विद्युत सोलेनॉइडची असते. ती ‘बंद’ स्थितीत अडकल्यास उत्तम अवस्थेतील इंजिनही सुरू होत नाही. त्यानंतर डिझेल फिल्टर व पाणी वेगळे करणारे भांडे तपासतात. कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलातून पाणी व कचरा टाकीत जाण्याचा धोका अधिक असतो.

इंधननळीत हवा शिरल्यासही पुरवठा खंडित होतो. यालाच ‘गाडीने हवा धरली’ असे म्हणतात. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहिल्यास आधी बुडबुडे व नंतर सलग डिझेल येते. मग स्क्रू घट्ट करतात. डिझेलवर चालणाऱ्या शेतीपंपाची हवा काढणाऱ्यांना ही कृती परिचित असते. हवा वारंवार धरत असल्यास चिरलेली रबरी नळी किंवा खराब वॉशर शोधणे आवश्यक असते.

पांढरा धूर येऊन इंजिन केवळ थंडीतच सुरू होत नसल्यास, हीटर प्लग असलेल्या इंजिनांत ते प्लग व त्यांचा रिले तपासतात. सकाळी सहज सुरू होणारे, परंतु तापल्यावर बंद केल्यास थंड होईपर्यंत सुरू न होणारे इंजिन अनेकदा झिजलेल्या रोटरी पंपाकडे निर्देश करते. तापलेले डिझेल पातळ होऊन झिजलेल्या भागांतून निसटते आणि आवश्यक दाब निर्माण होत नाही.

वरील सर्व तपासण्या निर्दोष ठरल्यावरच सिलिंडरमधील दाब मोजावा. सर्व सिलिंडरांत दाब कमी असल्यास पिस्टन रिंग व लायनरची झीज, तर लगतच्या दोन सिलिंडरांतच कमी असल्यास हेड गॅसकेट फुटल्याची शक्यता असते.

चालू इंजिनातील लक्षणे

चढावर ओढ कमी होऊन काळा धूर येत असल्यास एअर फिल्टर तुंबलेला किंवा नोझल सदोष असते. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे दर्शवतो. वेग वाढवताच इंजिन दम तोडत असेल, तर डिझेल फिल्टर प्रथम बदलावा.

इंजिन तापत असल्यास पाण्याची पातळी, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा व धूळ तपासतात. इंजिन ऑइल दुधाळ दिसणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे किंवा गळती नसताना पाणी कमी होणे ही हेड गॅसकेटच्या दोषाची लक्षणे आहेत. अशा स्थितीत वाहन रेटून चालवल्यास हेड वाकते वा इंजिन सीझ होते आणि मर्यादित दुरुस्तीचे रूपांतर पूर्ण इंजिनकामात होते.

कॉमन रेल इंजिने

उत्सर्जन मानके कडक होत गेल्यावर पिकअप वाहनांत संगणक-नियंत्रित कॉमन रेल इंजिने आली. भारत स्टेज ६ मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. या इंजिनांत डिझेलचा दाब १,००० बारहून अधिक असू शकतो. त्यामुळे जुन्या पद्धतीने नोझलची नळी सैल करून हवा काढणे येथे निषिद्ध आहे. निदान स्कॅनरच्या साहाय्याने करतात.

सुरक्षितता

* सेल्फ सलग १० ते १५ सेकंदांहून अधिक फिरवू नये. दोन प्रयत्नांत किमान एक मिनिट थांबावे.
* दुसऱ्या बॅटरीची मदत घेताना धन टोके आधी जोडावीत. ऋण तारेचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे.
* हीटर प्लग असलेल्या इंजिनात हवेच्या मार्गातून ईथर फवारू नये. स्फोट होऊ शकतो.
* उतारावर गाडी सोडून सुरू करणे धोकादायक आहे. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारे साहाय्य लवकर संपते आणि भरलेली गाडी आवरत नाही.
* नोझलमधून उडणारा डिझेलचा फवारा त्वचेत शिरू शकतो. जखम लहान दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावे.
* तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

देखभाल व योग्यता प्रमाणपत्र

ठरावीक अंतराने डिझेल फिल्टर बदलणे, फिल्टरखालील पाणी सोडणे, एअर फिल्टर स्वच्छ ठेवणे आणि बॅटरीचे जोड घट्ट करणे या उपायांनी अनेक दोष टळतात. मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असून, केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०१८ च्या दुरुस्तीनुसार आठ वर्षांपर्यंतच्या वाहनासाठी त्याचे नूतनीकरण दोन वर्षांसाठी, तर त्याहून जुन्या वाहनासाठी एका वर्षासाठी होते. धाराशिव जिल्ह्यातील वाहनांचा नोंदणी संकेतांक एमएच-२५ आहे.