भात खाणाऱ्याचं कूळ

महाड-पोलादपूरकडच्या वाड्यांत कुत्र्यासाठी वेगळं शिजवत नाहीत. उरलेला भात, पेज, नाचणीच्या भाकरीचा तुकडा. एवढ्यावर तो तगतो आणि रात्रभर वाडी राखतो. लांडग्याच्या वंशजाला हे पचतं कसं? उत्क्रांती शिकवायला याहून चांगला प्रश्न मला सापडलेला नाही.

मुलांना आधी वाटतं, गावठी कुत्रा रानातल्या कोळसुंद्यापासून आला असेल. हे दातांवरून तपासता येतं. उपदाढा सोडल्या तर कुत्र्याच्या खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना तीन-तीन दाढा, लांडग्यालाही तेवढ्याच. कोळसुंद्याला मात्र दोन-दोन. गुणसूत्रं तिघांचीही ७८, तेव्हा नुसत्या संख्येवरून नातं जुळवू नये.

जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेलला १९१४ साली माणसांसोबत पुरलेल्या कुत्र्याची हाडं मिळाली, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची. शेती त्यानंतरची. म्हणजे कुत्रा आधी शिकाऱ्याच्या सोबतीला होता, शेतकऱ्याच्या दारी मागाहून आला.

हे दार बदलल्याची खूण त्याच्या जनुकांत आहे. स्वीडनच्या एरिक अॅक्सेलसन यांच्या गटाने २०१३ साली ती दाखवली. पिष्ट फोडणारं अमायलेज हे विकर स्वादुपिंडात ज्या जनुकामुळे तयार होतं, त्याच्या लांडग्यात दोन प्रती, कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत. ऑस्ट्रेलियातल्या डिंगोला शेतकऱ्याचं दार मिळालं नाही. त्याच्यात बहुधा दोनच. हे कुणी ठरवून घडवलं नाही. खरकट्यावर ज्याचं अंग धरलं, त्याची पिल्लं जास्त जगली. लॅब्रॅडॉर-पूडलची चित्रं वर्गात जरूर लावावीत, पण जातिवंत कुत्र्यांची प्रदर्शनं सुरू झाली १८५९ च्या सुमारास, इंग्लंडात. हजारो वर्षांचा धडा गावठी कुत्र्याच्या अंगात आहे. शिकवताना पहिला मान त्याचा.

प्रयोगही सोपा आहे. पातळ, गार पेज दोन परीक्षानळ्यांत घ्यायची, एकीत थोडी लाळ मिसळायची. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्हींत आयोडीनचे थेंब टाकले की नुसती पेज निळी-काळी होते, लाळेची होत नाही. कुत्र्याच्या लाळेत हे विकर जवळजवळ नसतंच, त्याचं काम स्वादुपिंडावर चालतं. आपल्यात लाळेतल्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत, आणि त्या प्रत्येकात सारख्या नसतात. एकाच बाकावरच्या दोघांतही कमी-जास्त असू शकतात.